प्रतिकृतीतील नदी : जलपाश व बंधारे यांची पूर्वपरीक्षा

एखादे उदाहरण पाटीवर चुकले, तर ते पुसून पुन्हा मांडता येते. घराची भिंत ओळंब्यात नसली, तर ती उतरवून नव्याने रचता येते. थोडे नुकसान होते, इतकेच. परंतु नदीच्या पात्रात लक्षावधी टन काँक्रीट ओतून जो बंधारा उभारला, तो चुकीच्या जागी आहे असे दहा वर्षांनी ध्यानात आले, तर काय करावयाचे? तो पुसता येत नाही, की उतरवता येत नाही. त्याच्या चुकीचे फळ पुढील पन्नास-साठ वर्षे त्या नदीवरून जाणाऱ्या प्रत्येक नावाड्याला भोगावे लागते. म्हणूनच जगातील शहाण्या स्थापत्यविशारदांनी असा दंडक घालून घेतला आहे की, जे मोठ्या नदीत करावयाचे, ते आधी लहान नदीत करून पाहावे. ही लहान नदी म्हणजे प्रयोगशाळेच्या अंगणात बांधलेली नदीची प्रतिकृती होय. ती कशी बनवितात, तिच्यावर विश्वास का ठेवता येतो आणि तो किती ठेवावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

जलपाश म्हणजे काय?

प्रथम मूळ गोष्ट समजून घेऊ. आपल्या गोव्यात मांडवी व जुवारी या नद्यांतून खनिज वाहून नेणारे बार्ज विद्यार्थ्यांच्या परिचयाचे आहेत. कुंभारजुवे कालव्याने या दोन नद्या जोडल्या गेल्या आहेत. परंतु त्या कालव्यावर पाणी चढविण्या-उतरविण्याची योजना करावी लागलेली नाही. कारण उघड आहे. दोन्ही नद्या त्या भागात भरती-ओहोटीच्या आहेत आणि दोहोंच्या पाण्याची पातळी समुद्रावर अवलंबून आहे. मात्र समुद्रापासून शेकडो मैल आत, उतरत्या भूमीवरून वाहणाऱ्या नदीची गोष्ट निराळी. तेथे उन्हाळ्यात पाणी उथळ होते आणि भरलेली बोट गाळात रुतते. यावर उपाय म्हणून नदीला आडवे बंधारे घालून पाणी तुंबवितात. त्यामुळे नदी ही एखाद्या जिन्यासारखी होते. प्रत्येक पायरीवर खोल, संथ पाणी. पण मग बोटीने एका पायरीवरून दुसरीवर जावे कसे?

त्यासाठी बंधाऱ्याच्या कडेला एक लांबट कोठडी बांधतात. तिला दोन्ही टोकांस दरवाजे असतात. हिलाच इंग्रजीत लॉक व मराठीत जलपाश म्हणतात. खालून आलेली बोट कोठडीत शिरली की मागचा दरवाजा मिटतो. भिंतींच्या पोटातील बोगद्यांतून वरच्या अंगाचे पाणी आत सोडले जाते, बोट पाण्याबरोबर वर उचलली जाते आणि दोन्हीकडील पातळी समान झाली की पुढचा दरवाजा उघडतो. यात कोठेही पंपाची गरज नाही. सारे काम उताराने वाहणारे पाणीच करते. अनेक ठिकाणचे दरवाजे दोन झडपांचे असून मिटल्यावर वरच्या अंगाकडे टोक केलेला कोन होतो. त्यामुळे पाण्याचा दाब जितका अधिक, तितके ते घट्ट बसतात. आपल्याकडील खाजन शेतांच्या बांधांत जी मानस असते, तिची लाकडी दारे ओहोटीला आपोआप उघडतात आणि भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात, हे अनेकांनी पाहिले असेल. पाण्याकडूनच पाण्याचे दार लावून घेण्याची ही युक्ती दोन्हीकडे एकच आहे.

अडचण कोठे येते?

कोठडी बांधणे हे काम कठीण असले, तरी खरी अडचण कोठडीच्या तोंडाशी असते. अमेरिकेतील ओहायो नदीचे उदाहरण घेऊ. पिट्सबर्गपासून केरोपर्यंत सुमारे ९८१ मैल लांबीची ही नदी १९२९ सालापर्यंत जलपाश व बंधारे यांच्या मालिकेने संपूर्णपणे नौवहनयोग्य करण्यात आली आणि तिच्यात किमान ९ फूट खोलीचा मार्ग राखण्यात आला. त्या वेळचे जलपाश ६०० फूट लांब व ११० फूट रुंद होते. पुढे बोटींचे तांडे लांबत गेले, तेव्हा १९५० नंतरच्या काळात जुन्यांच्या जागी थोडे परंतु उंच बंधारे व १२०० फूट लांबीचे जलपाश बांधण्यास आरंभ झाला.

या नदीवर बार्ज एकेकटे जात नाहीत. सामान्यतः ३५ फूट रुंद व १९५ फूट लांब असे १५ बार्ज तारदोरांनी एकत्र बांधतात. तीन आडवे आणि पाच उभे. मागून एक शक्तिमान बोट हा सारा तांडा ढकलीत नेते. आता गणित करा. तीन बार्जांची रुंदी १०५ फूट आणि जलपाशाची ११० फूट. म्हणजे प्रत्येक बाजूस उरले अवघे अडीच फूट! हजार फुटांहून लांब तांड्याच्या शेपटाशी उभे राहून चालकाने पुढचे टोक या फटीतून न्यावयाचे असते.

त्यातच नदी स्वस्थ बसत नाही. जलपाशाचे तोंड एका काठाला आणि बंधाऱ्याचे उघडे दरवाजे मधल्या पात्रात, अशी रचना असल्याने नदीचे पाणी जलपाशाजवळ येताच तिरपे वळून बंधाऱ्याकडे ओढ घेते. चालक वेग कमी करतो, कारण त्याला थांबावयाचे असते. परंतु वेग कमी झाला की सुकाणूची सत्ताही कमी होते. नेमक्या त्याच क्षणी आडवा प्रवाह तांड्याचे डोके पकडतो. दोर तुटले, तर बार्ज सुटून थेट बंधाऱ्यावर जातात.

ही भीती काल्पनिक नाही. मार्च १९७२ मध्ये लुईव्हिल शहरापाशी एक तांडा तुटला आणि सहाशेहून अधिक टन द्रवरूप क्लोरीन भरलेला एक बार्ज वाहत जाऊन मॅक्अल्पाइन बंधाऱ्याला अडकला. क्लोरीन हा विषारी वायू आहे, हे रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको. तो बार्ज सुखरूप सोडवीपर्यंत कित्येक आठवडे गेले आणि त्या कामाच्या वेळी हजारो नागरिकांना घरे सोडून जावे लागले. जलपाशाच्या तोंडाशी पाणी कसे वळते, हा प्रश्न केवळ स्थापत्यविशारदांचा नसून काठावरील शहरात झोपलेल्या लेकरांचाही आहे, हे यावरून कळून येईल.

लहान पाण्याचे मोठे नियम

कागदावर समीकरणे मांडून असा तिरपा प्रवाह अचूक सांगणे फार दुर्घट आहे. काठ वाकडे, तळ उंचसखल, भिंतींना कोपरे आणि त्यांच्याभोवती भोवरे. म्हणून नदीलाच विचारावे लागते. परंतु शंभर पटींनी लहान केलेली नदी मोठ्या नदीसारखीच वागेल, याची शाश्वती काय?

याचे उत्तर शोधण्यात ज्यांनी मोठा वाटा उचलला, त्यांत इंग्लंडचे विल्यम फ्रूड (१८१०–१८७९) यांचे नाव अग्रभागी आहे. टॉर्की येथे १८७२ च्या सुमारास त्यांनी लांब हौद बांधून त्यात मेणाच्या लहान जहाजांवर प्रयोग केले. त्यांच्या नियमाचे मर्म एका साध्या उदाहरणाने समजते. १०० फूट उंचीवरून दगड टाकला, तर तो सुमारे अडीच सेकंदांत खाली येतो. १ फुटावरून टाकला, तर सुमारे पाव सेकंदात. उंची शंभरावा हिस्सा झाली, पण काळ शंभरावा न होता दहावाच झाला. कारण आपण सर्व काही लहान करू शकतो, पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण मात्र लहान करू शकत नाही. नदीचे पाणीही गुरुत्वाकर्षणानेच वाहते. म्हणून १०० पटींनी लहान केलेल्या नदीत काळ व वेग हे १०० च्या वर्गमुळाने, म्हणजे १० पटींनी कमी होतात.

विसर्ग म्हणजे छेदाचे क्षेत्रफळ गुणिले वेग. क्षेत्रफळ १०० × १०० = १०,००० पटींनी कमी आणि वेग १० पटींनी कमी; तेव्हा विसर्ग १,००,००० पटींनी कमी. म्हणजे मोठ्या नदीतील ५ लक्ष घनफूट प्रतिसेकंद एवढा पूर प्रतिकृतीत अवघ्या ५ घनफुटांनी दाखविता येतो. १२०० फुटांचा जलपाश १२ फूट लांब व सव्वातेरा इंचांहून किंचित अरुंद होतो आणि त्या अडीच फुटांच्या फटीचे होतात फक्त तीन दशांश इंच!

नदीच्या प्रतिकृतीची कल्पनाही जुनी आहे. फ्रान्समध्ये लुई फार्ग यांनी १८७५ साली गारोन नदीसाठी असा प्रयोग केला. १८८५ साली ऑस्बर्न रेनल्ड्स यांनी मँचेस्टर येथे मर्सी नदीच्या मुखाची प्रतिकृती करून तीत भरती-ओहोटी खेळविली. जर्मनीत ड्रेस्डेन येथे ह्यूबर्ट एंगेल्स यांनी १८९८ साली नद्यांसाठी प्रयोगशाळा काढली. अमेरिकेत मात्र या विद्येला सरकारी आश्रय मिळण्यास एक महासंकट कारणीभूत झाले. १९२७ साली मिसिसिपी नदीला आलेल्या पुरात सुमारे २७ हजार चौरस मैल प्रदेश बुडाला आणि लक्षावधी लोक निराश्रित झाले. त्यानंतर १९२९ साली व्हिक्सबर्ग येथे जलमार्ग प्रयोगकेंद्राची स्थापना झाली. त्याचे पहिले प्रमुख हर्बर्ट व्होगेल हे लष्करी स्थापत्यदलातील तरुण अधिकारी असून त्यांनी जर्मनीत जाऊन ही विद्या आत्मसात केली होती.

प्रयोग कसा चालतो?

प्रथम नदीची बारकाईने मोजणी करतात. दर काही अंतरावर पात्राचे आडवे छेद घेऊन त्यांचे पत्र्याचे आकार कापतात, ते योग्य उंचीवर उभे करतात आणि मधली जागा वाळू व सिमेंटने भरून तळ घडवितात. तळ वाहता हवा असेल, म्हणजे गाळ कोठे साचेल हे पाहावयाचे असेल, तर सिमेंटऐवजी दगडी कोळशाचा भुगा घालतात. वाळू का नाही? कारण लहान नदीच्या मंद प्रवाहाला वाळू जड होते. कोळसा हलका असल्याने तो हलतो.

यानंतरचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा. प्रतिकृतीला काहीही नवे विचारण्यापूर्वी जुने विचारतात. पूर्वी येऊन गेलेला, मोजणी झालेला पूर तिच्यात सोडतात आणि पाण्याची पातळी ठिकठिकाणी खऱ्या नदीच्या नोंदींशी ताडून पाहतात. जुळत नसेल, तर तळ खरबरीत करतात किंवा गुळगुळीत करतात, आणि पुन्हा ताडतात. जिला झालेली गोष्ट बरोबर सांगता येत नाही, तिच्यावर होणाऱ्या गोष्टीविषयी विश्वास कोण ठेवील?

मग नियोजित बंधारा व जलपाश बसवितात. प्रवाहाची दिशा पाहण्यासाठी पाण्यावर तरंगते सोडतात. परंतु ते नुसते कागदाचे कपटे नव्हेत. भरलेला बार्ज ९ फूट पाण्यात बुडतो, म्हणून हे लाकडी तरंगतेही खालच्या टोकास वजन लावून एक इंचाहून थोडे अधिक बुडतील असे करतात. पृष्ठभागावर एक प्रवाह आणि नऊ फूट खाली दुसरा, असे असू शकते. आणि तांड्याला ओढतो तो त्या संपूर्ण खोलीतील प्रवाह. शेवटी लहानसा तांडा, स्वतःच्या यंत्रासह व दुरून हलविता येणाऱ्या सुकाणूसह, पाण्यात सोडतात आणि तो जलपाशात शिरतो की बंधाऱ्याकडे ओढला जातो, हे पाहतात.

अशाच प्रयोगांतून एक सुंदर उपाय पक्का झाला. तांड्याला प्रवाहापासून वाचविण्यासाठी जलपाशाच्या वरच्या अंगास लांब भिंत बांधतात. भिंत भरीव असेल, तर तिच्या आडोशाला कोंडलेले पाणी टोकाशी एकदम बाहेर वळते आणि तेथेच तांड्याचे डोके फिरते. परंतु त्याच भिंतीच्या तळाशी खिडक्या ठेवल्या, तर पाणी तांड्याच्या खालून निघून जाते. टोकाशी होणारी ओढ कमी होते आणि तांडा हळूच भिंतीला टेकतो. मात्र खिडक्या फार मोठ्या झाल्या, तर तांडा भिंतीवर आपटून चिकटून बसेल. किती मोठ्या, किती खोल व किती अंतरावर, हे त्या त्या जागेसाठी प्रतिकृतीच सांगते. भिंत काही फूट लांबविणे प्रतिकृतीत एका दुपारचे काम असते. खऱ्या नदीत ते कित्येक वर्षांचे व कोट्यवधींचे होते.

या कामात एका गोष्टीचा मुद्दाम उल्लेख केला पाहिजे. प्रतिकृती तयार झाली की, त्या नदीवर आयुष्य घालविलेल्या बोटचालकांना प्रयोगशाळेत बोलावून ती दाखविण्याची पद्धत आहे. पदवीधर स्थापत्यविशारदाने नदीच्या माणसाचे मत घ्यावे, यात त्याचा कमीपणा नाही. आकडे एक सांगतात आणि सुकाणूवरील हात दुसरे सांगतो. दोघांची साक्ष जुळली, तरच निकाल पक्का.

कोठडी भरताना

जलपाशाच्या कोठडीसाठी निराळी, अधिक मोठी प्रतिकृती करतात. बहुधा १ : २५ या प्रमाणाची. कोठडी १२०० फूट × ११० फूट आणि पाणी २० फूट चढवावयाचे, असे समजू. म्हणजे २६ लक्ष ४० हजार घनफूट पाणी आत घ्यावे लागेल. ते ८ मिनिटांत घेतले, तर सरासरी विसर्ग ५,५०० घनफूट प्रतिसेकंद होतो. एखादी लहान नदीच म्हणा! हे पाणी एका टोकाने धावत आले, तर कोठडीत लाट उठते, तांडा पुढे-मागे हिंदकळतो आणि बांधलेले दोर ताणले जातात. म्हणून पाणी बोगद्यांतून नेऊन अनेक छिद्रांवाटे सर्वत्र सारखे सोडावे लागते. दोरावरील ताण सुमारे ५ टनांपेक्षा अधिक होऊ नये, असा तेथील संकेत आहे. १ : २५ प्रमाणात बल २५ × २५ × २५ = १५,६२५ पटींनी कमी होते. तेथील टन २,००० पौंडांचा. तेव्हा १०,००० पौंडांचे प्रतिकृतीत ०.६४ पौंड होतात, म्हणजे सुमारे २९० ग्रॅम. इतक्या हलक्या ओढीवर एखाद्या खलाशाचे प्राण अवलंबून असतात. कारण ताणलेला तारदोर तुटून उसळला, तर तो तलवारीसारखा कापतो.

पनामा कालव्याचे नवे जलपाश २६ जून २०१६ रोजी खुले झाले. त्यांची प्रत्येक कोठडी ४२७ मीटर लांब व ५५ मीटर रुंद आहे. त्यांच्या आखणीच्या वेळीही फ्रान्समधील लियाँ येथे १ : ३० प्रमाणाच्या प्रतिकृतीवर पाणी भरण्याचे प्रयोग झाले होते. संगणकाने गणिते सोपी केली, तरी अशा ठिकाणी प्रतिकृतीचा आधार सुटलेला नाही.

प्रतिकृतीच्या मर्यादा

प्रतिकृती ही नदी नव्हे, हे विसरता कामा नये. मिसिसिपीच्या संपूर्ण खोऱ्याची प्रतिकृती १९४३ पासून क्लिंटन येथे बांधण्यात आली. आरंभीचे पुष्कळ काम जर्मन युद्धकैद्यांनी केले. तिचे आडवे प्रमाण १ : २००० होते. तेच प्रमाण खोलीलाही लावले असते, तर ४० फूट खोल नदी पाव इंचाहूनही उथळ झाली असती. इतक्या पातळ थरात पाण्याचा पृष्ठताण व चिकटपणा यांचेच राज्य चालते आणि नदीचे गुण नाहीसे होतात. म्हणून उभे प्रमाण १ : १०० घेतले, आणि काठावरील झाडीचा अडथळा दाखविण्यासाठी घड्या घातलेली तारेची जाळी उभी केली. १९५२ च्या एप्रिलमध्ये मिसूरी नदीला पूर आला असता या प्रतिकृतीने ओमाहा परिसरातील बंधाऱ्यांच्या रक्षणासाठी मोलाचे मार्गदर्शन केले. परंतु अशी ताणलेली प्रतिकृती जलपाशाच्या तोंडाशी होणारे बारीक भोवरे सांगू शकत नाही; त्यासाठी सर्व दिशांना समान प्रमाणच हवे. कोणता प्रश्न कोणत्या प्रतिकृतीला विचारावा, हे ओळखण्यातच खरे कौशल्य आहे.

शिवाय प्रतिकृती पाण्याविषयी सांगते, पैशाविषयी नाही. ओहायो नदीवरील ओल्मस्टेड येथील जलपाश व बंधाऱ्यास १९८८ साली ७७.५ कोटी डॉलरांच्या अंदाजाने मंजुरी मिळाली. २०१८ साली ते काम पुरे झाले, तोवर खर्च सुमारे ३०० कोटींवर गेला होता.

आपल्या देशात

या विद्येसाठी दूर जाण्याचे कारण नाही. पुण्याजवळ खडकवासला येथे केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आहे. मुंबई इलाख्याच्या पाटबंधारे खात्याची एक लहान शाखा म्हणून १९१६ साली त्याचा उगम झाला. म्हणजे ते व्हिक्सबर्गच्या केंद्राहूनही वयाने वडील आहे! त्याचे एक संचालक सर क्लॉड इंग्लिस यांनी पुढे इंग्लंडमधील जलसंशोधन केंद्राचे पहिले प्रमुखपद भूषविले. हुगळी नदीच्या व १९७५ साली कार्यान्वित झालेल्या फराक्का बंधाऱ्याच्या प्रश्नांचा अभ्यासही खडकवासल्यास प्रतिकृतींवर झाला. फराक्का येथे जलपाश आहे आणि हल्दियापासून प्रयागराजपर्यंतचा १,६२० किलोमीटरांचा पहिला राष्ट्रीय जलमार्ग तेथूनच जातो.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याने यातून एक वृत्ती घ्यावी. प्रतिकृती बांधणारा मनुष्य आपल्याच योजनेला जणू म्हणतो, ‘तू खोटी असशील, तर आत्ताच सांग.’ अंगणातील बारा फुटांच्या कोठडीत तांडा दहा वेळा फुटला, तरी कोणी बुडत नाही. ती लहान हार जो मोकळ्या मनाने पत्करतो, त्याच्या हातून मोठ्या नदीतील अनर्थ टळतो. जो निकाल मनासारखा यावा म्हणून पाणी कमी सोडतो, त्याची प्रतिकृती म्हणजे केवळ खेळणे.

विद्यार्थ्यांनी करून पाहावे

१. एका नदीची प्रतिकृती १ : ६४ या प्रमाणात केली. खऱ्या नदीत प्रवाहाचा वेग सेकंदास ८ फूट असल्यास प्रतिकृतीत किती असेल? खऱ्या नदीतील एक तास प्रतिकृतीत किती मिनिटांत संपेल?

२. १ : २५ प्रमाणाच्या प्रतिकृतीत कोठडी ९६ सेकंदांत भरली. खरी कोठडी किती मिनिटांत भरेल?

३. ओल्या वाळूत चर खणून त्यात पाणी सोडा. एका काठाला फळीच्या दोन तुकड्यांनी जलपाशाचे तोंड करा आणि शेजारी दगडांचा बंधारा घालून मधे वाट ठेवा. काडेपेटीची काडी वरून सोडून ती कोणीकडे ओढली जाते ते पाहा. आता एक फळी लांब करा. नंतर तिच्या तळाशी छिद्रे पाडा. प्रत्येक वेळी दहा-दहा काड्या सोडून किती आत गेल्या, किती वाहून गेल्या, याची वहीत नोंद करा. आपला अंदाज चुकला, तर तोही खोडू नये. नोंदीशेजारी तसाच राहू द्यावा.